काठोकाठ ताकाची वाटी

एकदा एक शिष्य आपल्या वृद्ध आचार्यांपुढे हात जोडून उभा राहिला आणि म्हणाला, "गुरुजी, आता मला निरोप द्यावा."

हे तो चौथ्यांदा म्हणत होता. बारा वर्षे तो नदीकाठच्या त्या पाठशाळेत राहिला होता आणि विद्येत कुठे कमी नव्हता. झोपेतून उठवून विचारले तरी त्याचे एक अक्षर मागेपुढे होत नसे. त्याच्यात दोष म्हणावा तर एकच, आणि तोही लांबून गुणासारखा दिसणारा. त्याला सगळे जागच्या जागी लागे. दोरीवर वाळत घातलेल्या धोतरांचे काठ एका रेषेत नसले तर त्याच्या घशाखाली घास उतरत नसे. पाठशाळेच्या गाईने गोठ्यात रोज एकाच जागी, एकाच कुशीवर बसावे अशीही त्याची खटपट चालू होती. गाईला ते अजून जमले नव्हते.

या वेळी मात्र त्याच्या हात जोडण्यात नेहमीपेक्षा जास्त काकुळती होती. त्याच्या गावाने नवी शाळा बांधली होती आणि तिची जमीन त्याच्या म्हाताऱ्या आईने स्वतःच्या हाताने सारवली होती. गावाचा निरोप आला होता: 'अक्षय्य तृतीयेला शाळा उघडायची. आपला मुलगा आला तर सोन्याहून पिवळं. नाही आला तर जोशीबुवांचा भाचा तयार आहे.' या भाच्याला बाराखडी जेमतेम निम्मी येत होती, परंतु कान पिळण्यात त्याचा हात धरणारा पंचक्रोशीत कोणी नव्हता. आणि तृतीया तीन दिवसांवर आली होती.

आचार्यांनी हातातली पोथी मिटली. "मागे तुझ्याकडे लहान मुलांचा वर्ग दिला होता. त्याचं काय झालं?"

शिष्याची मान खाली गेली. "मुलं हलतात, गुरुजी."

"बरं, मग?"

"हलू नका म्हणून सांगितलं. तरी हलतात. मांडी बदलतात, खाजवतात, शेजाऱ्याच्या कानात बोलतात. मग जो हलेल त्याला पुन्हा पहिल्यापासून धडा म्हणायचा, असा नियम केला."

"आणि?"

"आणि मुलं यायची बंद झाली. ती हल्ली नदीवर असतात."

आचार्य मिशीतल्या मिशीत हसले. "काल पदार्थांच्या कणांचा पाठ झाला. तो म्हणून दाखव पाहू."

हे तर शिष्याच्या हातचे होते. त्याने डोळे मिटले आणि एका दमात म्हणून टाकले, "सर्व पदार्थ अतिसूक्ष्म कणांचे बनलेले आहेत. घन पदार्थात कण एकमेकांना घट्ट धरून आपापल्या जागी असतात. द्रवात ते एकमेकांना धरून असतात, परंतु जागा सोडून एकमेकांवरून सरकतात. वायूत कोणी कोणाला धरत नाही, जो तो वाट फुटेल तिकडे धावतो. उष्णता वाढली की कणांची हालचाल वाढते, घटली की मंदावते."

"छान. मग आता या पायरीच्या दगडातले कण काय करताहेत?"

"गप्प बसलेत, गुरुजी."

"तुला कोणी सांगितलं?"

"सांगायला कशाला हवं? दिसतंच आहे. दगड आहे तो."

दगडाबद्दल त्याच्या मनात पहिल्यापासून आदर होता, हे त्याच्या स्वरावरूनच कळत होते. तेवढ्यात फाटकातून गावातले शेटजी घाम पुसत आत आले. त्यांना नातू झाला होता. त्याचे बारसे दुसऱ्या दिवशी होते, घरी जागा अपुरी म्हणून गावजेवणाची पंगत पाठशाळेच्या अंगणात मांडावी, अशी त्यांची विनंती होती. आचार्यांनी होकार दिला आणि शिष्याकडे वळून म्हणाले, "उद्याची पंगत तू बसव. साठ-सत्तर पानं होतील. ती पंगत म्हणजे घन पदार्थ समज. शेवटच्या पानावर शेवटची जिलबी पडेपर्यंत ती मोडली नाही, तर परवा पहाटे तू आपल्या गावाला नीघ. माझा आशीर्वाद आहे. मोडली, तर पुढच्या वर्षी बघू."

शिष्याला आकाश ठेंगणे झाले. माणसांना ओळीत बसवणे! म्हणजे नाचणाऱ्याला अंगण सरळ करून दिल्यासारखेच झाले.

त्या संध्याकाळी त्याने अंगणात चुन्याचे चौकोन आखले. प्रत्येक चौकोन दीड हाताचा, आणि दोन चौकोनांमध्ये बरोबर एक हात मोकळी जागा, म्हणजे कोणाची कोपरे कोणाला लागायला नकोत. चौकोनाबाहेर गुडघा जाता कामा नये, असा नियम ठरला. मग तो यादी घेऊन बसला. कोणाशेजारी कोणाला बसवायचे हा विचार त्याने असा काही खोलवर केला की तेवढा एखादा वधूपितासुद्धा करत नसेल. पंगत मोडते कशाने? बोलण्याने. बोलतात कोण? ज्यांचे एकमेकांशी पटते ते. तेव्हा ज्यांचे पटत नाही त्यांना शेजारी बसवले की काम झाले!

ठकूआत्या आणि पार्वतीकाकू यांच्यात फणसाच्या एका फांदीवरून सात वर्षे बोलणे नव्हते. त्यांना त्याने लगतचे चौकोन दिले. बांध कोरल्यावरून ज्यांची डोकी फुटली होती ते दोघे भाऊ एका ओळीत, शेजारी शेजारी. जिवलग मैत्रिणी असतील त्यांच्यामध्ये चार-चार पानांचे अंतर. आणि मुख्य पानावर शेटजी, तर त्यांच्या उजव्या हाताला त्यांचे व्याही. नातवाचे नाव काय ठेवायचे यावरून त्या दोघांत सकाळपासूनच धुसफूस चालू होती, ही बातमी शिष्याने मुद्दाम काढली होती.

यादी पूर्ण झाली तेव्हा आपण जन्माला येऊन काहीतरी केले असे त्याला वाटले.

दुसऱ्या दिवशी वैशाखातल्या टळटळीत दुपारी पंगत बसली आणि काय सांगावे, तशी पंगत त्या गावाने कधी पाहिली नव्हती! सत्तर माणसे, परंतु शब्द म्हणून नाही. जो तो समोरच्या पानाकडे बघत गोठल्यासारखा बसलेला. ठकूआत्यांनी मान डावीकडे वळवलेली, पार्वतीकाकूंनी उजवीकडे. शेटजी मांडवाच्या कनातीकडे पाहत होते आणि व्याही आभाळाकडे. चौकोनाबाहेर एक गुडघा नव्हता. शिष्य ओळींमधून हात मागे बांधून फिरत होता आणि त्याच्या डोळ्यांसमोर आपल्या गावची शाळा, सारवलेली जमीन आणि अशाच ओळीत बसलेली मुले दिसत होती. त्याचा ऊर भरून आला.

तेव्हा आचार्य ओसरीवरून खाली उतरले. त्यांनी पंगत एकवार डोळे भरून पाहिली आणि आचाऱ्याला म्हणाले, "वाढप थांबवा. आधी प्रत्येकाला एक वाटी ताक द्या. काठोकाठ भरा. आणि मंडळी, वाटी पानात ठेवायची नाही, तळहातावर धरायची. भात वाढून होईपर्यंत थेंब सांडता कामा नये."

सत्तर माणसे एकमेकांकडे पाहायला लागली असती, परंतु शेजारी नको तेच माणूस असल्याने कोणी पाहिले नाही. शिष्य गडबडला. "गुरुजी, हे काय मधेच?"

"तुझी पंगत हलत नाही ना? मग काळजी कसली?"

वाट्या आल्या. तळहातांवर बसल्या. कोणी श्वास रोखला, कोणी डोळे मिटले. पहिल्या काही क्षणांत काही झाले नाही. मग एका म्हाताऱ्याच्या वाटीतून ताकाचा एक ओघळ मनगटावरून कोपराकडे निघाला. पलीकडे दुसरा. मग चहूकडून टप् टप् सुरू झाले. ज्यांनी जन्मात कधी घाई केली नाही अशा थंड माणसांच्याही वाट्या सांडत होत्या. शिष्य या टोकापासून त्या टोकापर्यंत पळत होता. "कोण हललं? तुम्ही हललात का?"

"शपथ घेऊन सांगतो, हललो नाही," म्हातारा काकुळतीने म्हणाला.

"मग सांडलं कसं?"

"आता ते त्या ताकालाच विचारा बाबा."

त्यात ऊन चढले. मांडवाचे कापड तापले. वाऱ्याची दिशा बदलली आणि जिलबीच्या कढईची धग, घमघमाटासकट, थेट पंगतीवर आली. उपाशी पोटे, ताकाने भिजलेले हात, कपाळावरून डोळ्यात उतरणारा घाम. आणि नेमक्या त्या घटकेला शेटजींची वाटी कलली, ती व्याह्यांच्या कोऱ्या जरीकाठी उपरण्यावर.

"हे मुद्दाम केलंत!" व्याही ओरडले.

"मुद्दाम करायचं असतं तर डोक्यावर ओतलं असतं," शेटजी म्हणाले.

मग शेटजींच्या डोक्यावर व्याह्यांची वाटी रिकामी झाली. ती बघून ठकूआत्यांना सात वर्षांपूर्वीची फणसाची फांदी आठवली. दोघा भावांना बांध आठवला. पुढे काय झाले ते नीट सांगता येणार नाही, कारण ते एका ठिकाणी झालेच नाही. आत्तापर्यंत ओळीत असलेली माणसे दुसऱ्याच क्षणी गोठ्यात होती, विहिरीवर होती, स्वयंपाकघरात होती. पाठशाळेच्या छपरावर एक भाऊ होता, आणि त्याच्याकडे शिडी मागणारा दुसरा. जिवलग मैत्रिणी एकमेकींना शोधत होत्या. गाय सुटली होती. शिष्याचे चुन्याचे चौकोन पायांखाली पुसून गेले होते, आणि अंगण जेवढे मोठे होते तेवढे सगळे माणसांनी भरले होते. एक कोपरा रिकामा नव्हता.

शिष्याला एवढेच सुचले की फाटक लावावे. निदान पंगत बाहेर तरी जायला नको! त्याने फाटक ओढले, अडसर घातला आणि पाठ लावून उभा राहिला. मग त्याच्या ध्यानात एक गोष्ट आली. त्याला फाटकापासून हटवायचे असे कोणाच्याही मनात नव्हते. माणसे आपापल्या रागात इकडून तिकडे धावत होती, मध्ये फाटक आले की त्यावर आपटत होती आणि परत फिरत होती. एक आपटला, दुसरा आपटला, दहावा आपटला. आचाऱ्याने कढईखाली अजून एक लाकूड सारले, तशी धग वाढली, तसे आपटणेही वाढले. अखेर कडाड् असा आवाज झाला, बिजागरी निखळली, आणि फाटकासकट शिष्य रस्त्यावर आडवा झाला. त्याच्या अंगावरून व्याही निघून गेले, ते थेट गावाच्या वेशीपर्यंत.

शिष्य धुळीत पडून राहिला. त्याला रडू आले आणि त्याने ते आवरले नाही. एक वर्ष गेले, त्याला वाटले. शाळा गेली. आईने सारवलेल्या जमिनीवर आता जोशीबुवांचा भाचा मुलांचे कान पिळत बसेल.

आचार्य काठी टेकत आले आणि त्याच्याजवळ रस्त्यावरच बसले. त्यांच्या हातात एक जिलबी होती. तिचा अर्धा तुकडा त्यांनी शिष्याला दिला.

"पंगत मोडली, गुरुजी," शिष्य नाक पुसत म्हणाला.

"मोडली नाही, उडाली. तू म्हणालास पंगत घन आहे. होतीही घन, परंतु कापराची. कापूर दिसायला दगडासारखा पांढराशुभ्र, घट्ट. पण त्याचे कण एकमेकांना फार सैल धरून असतात. म्हणून थोडी ऊब लागली की मधे वितळायलाही थांबत नाही, सरळ हवेत जातो. तू माणसांना जागेवर ठेवलंस ते चुन्याच्या रेघेनं. धरून ठेवणारं जे असतं, ते तू यादीतून शोधून शोधून काढून टाकलंस. ज्यांनी एकमेकांना धरलं असतं त्यांच्यात चार पानं घातलीस आणि ज्यांनी धरलं नसतं त्यांना शेजार दिलास."

"पण ताक, गुरुजी? ते कशाला? नुसतं बसू दिलं असतं तर..."

"ते पंगतीसाठी नव्हतं, तुझ्यासाठी होतं. काल तू म्हणालास दगडातले कण गप्प बसलेत. बाळ, ते कधी गप्प बसत नाहीत. आपल्या जागी थरथरत असतात, सतत, रात्रंदिवस. आपल्याला दिसत नाही एवढंच. माणूस कितीही स्वस्थ बसला तरी त्याची नाडी हलते, छाती हलते, हात कापतो. वाटी सांडल्याशिवाय तुला ते दिसलं नसतं. घनाचं घनपण न हलण्यात नसतं. हलत राहूनही शेजाऱ्याला न सोडण्यात असतं."

एवढे बोलून आचार्यांनी जिलबीचा उरलेला तुकडा तोंडात टाकला, हात झटकले आणि उठले. त्यांनी आचाऱ्याला कढई खाली उतरवायला सांगितली, मांडवाच्या कापडावर घागरी ओतायला लावल्या आणि सगळ्यांना माठातले गार पन्हे द्यायला सांगितले. मग ओसरीवरून हाक दिली, "मंडळी, जेवायला चला! ज्याला ज्याच्याशेजारी बसावंसं वाटेल त्यानं तिथं बसावं."

शिष्य रस्त्यावरून हे बघत होता. पन्हे पिता पिता माणसांचा वेग कमी झाला. आधी ती नुसतीच एकमेकांमधून वाट काढत फिरू लागली. कोणी कोणाचा हात धरून चालत होते, कोणी 'इकडे ये, इकडे जागा आहे' म्हणत सरकत होते, एक घोळका दुसऱ्यात मिसळत होता. कोणाची जागा ठरलेली नव्हती, परंतु आता कोणी पळतही नव्हते. मग एक एक जण बसू लागला. मैत्रिणी गुडघ्याला गुडघा लावून बसल्या. दोघे भाऊ दोन टोकांना, आपापल्या मेहुण्यांच्या शेजारी गेले आणि तिथे सुखात होते. ओळी वाकड्यातिकड्या होत्या, एक तर चक्क वळसा घेऊन गोठ्यात शिरली होती.

आणि काय ती हालचाल! कोणी हसून हसून डुलत होते, कोणी शेजाऱ्याच्या पाठीत धपाटा घालत होते, कोणी शेजारणीच्या पानात आपली जिलबी सरकवत होते. एकही माणूस स्वस्थ नव्हता. परंतु दोन तास झाले, तीन वेळा जिलबी फिरली, आग्रहावर आग्रह झाला, तरी एक माणूस पानावरून उठला नाही. वेशीवरून परत आलेल्या व्याह्यांना शेवटचे पान मिळाले. त्या पानावर शेवटची जिलबी शेटजींनी स्वतः वाढली आणि म्हणाले, "चला, नाव तुम्ही ठेवा. पाळण्यातलं मात्र मी ठेवणार."

शिष्य हळूच आचार्यांजवळ आला. "पंगत टिकली, गुरुजी. पण मी नाही बसवली."

"तेच तर तुला कळायला हवं होतं," आचार्य म्हणाले. "उद्या पहाटे नीघ. आणि जाण्याआधी फाटक तेवढं बसवून जा."

अक्षय्य तृतीयेला त्याच्या गावी शाळा उघडली. त्याची आई दारात, पदराला हात पुसत उभी होती. मुले मनाला येईल तशी बसली होती, कोणी मित्राच्या मांडीवर रेलून, कोणी खांबाला टेकून, आणि सगळी मिळून मोठ्याने उजळणी म्हणत होती. तेवढ्यात गावचे पाटील पाहणीला आले. त्यांनी दारातूनच कपाळाला आठ्या घातल्या.

"मास्तर, पोरं फारच चुळबुळ करताहेत. जोशीबुवांचा भाचा असता तर एव्हाना दगडासारखी बसवली असती."

"पाटील, दगडसुद्धा आतून क्षणभर गप्प बसत नाही," तो हसून म्हणाला. "जे दगडाला जमलं नाही ते मी पोरांकडून कसं मागू? पाहा ना, चुळबुळ करताहेत, पण उठून गेलं का एक तरी?"

पाटलांनी मुलांकडे पाहिले. एकही उठले नव्हते. मग त्यांची नजर सहज खाली गेली. त्यांचा स्वतःचा उजवा पाय, उंबऱ्यावर ठेवलेला, मुलांच्या उजळणीबरोबर मघापासून ठेका धरून हलत होता. त्यांनी तो थांबवण्याचा प्रयत्न केला. थांबला नाही. तेव्हा ते चपला काढून आत आले आणि सर्वांत मागे, एका मुलाने सरकून दिलेल्या जागेत, बसले.